काडीमोडीचा मूकपट

“आणि बायकूच्या बांगड्या? त्या तरी ऐकू येत्यात न्हवं?” फकिराने विचारलं.

“परवापर्यंत येत होत्या,” हिंदूराव म्हणाला. “आता त्याही नाहीत.”

“तोंड इकडं करून बोल. मी बहिरा हाय.”

हिंदूरावाने मान वळवली. कोल्हापुरात मूकपट काढणारा हा गडी. उन्हाची तिरीप बघून माणसांना डावीउजवीकडे सरकवायची त्याला सवय. त्याला कोणी मान वळवायला सांगावं, हे त्याच्या अंगवळणी नव्हतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा मानही नसतो.

हा फकीर, अमीनबाबा, लहानपणी देवी येऊन बहिरा झालेला. टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायरीवर साठ वर्षं बसून त्याने लोकांचे ओठच ऐकले होते.

हिंदूरावाचं दुखणं विचित्र होतं. त्याची बायको गोजरा बोलायची, आणि तिचा आवाज त्याला येत नव्हता. बाकी सगळ्यांना येत होता. शेजारीण तिच्याशी तास तास गप्पा मारायची, भाजीवाली घासाघीस करायची. हिंदूरावाला नुसते हलणारे ओठ दिसायचे. दोन डॉक्टर झाले. कान ठणठणीत होते.

आधी तिचा आवाज गेला. मग पावलं. मग बांगड्या...

“आज काय झालं?” बाबाने विचारलं. “आज पळत आलास ते?”

हिंदूरावाने मान खाली घातली, आणि आठवण होऊन पुन्हा वर केली.

“आज तिचं कुंकू मला काळं दिसलं.”

त्याचा अर्थ त्याच्याइतका कोणाला कळणार? फिल्मवर तांबडा रंग काळाच उमटतो; गोजरा त्याच्या डोळ्यांदेखत मूकपटातलं चित्र होत चालली होती.

“असंच चाललं तर उद्या ती दिसायचीही नाही, बाबा. मला माझी बायको परत पाहिजे.”

“कवापासनं हे?”

“चित्र काढल्यापासून.”

चित्र होतं लग्नाचं आणि काडीमोडीचं. त्यात काम करायला बाई मिळेना, आणि पुरुषाला लुगडं नेसवलेलं लोकांना आता खपेना. म्हणून हिंदूरावाने घरच्याच बायकोला उभं केलं आणि नवरा स्वतः झाला. तिथवर ठीक होतं. पण त्याला सगळं अस्सल लागायचं. नवऱ्याने पंचांसमोर काडी मोडली की नातं संपलं, ही त्यांच्या जातीतली रीत. त्याने पंचही जातीतले खरेच बोलावले. घोंगडी अंथरली, विडे मांडले, पाच म्हातारे मिशा पिळून बसले. हौसेला मोल नसतं हे खरं, पण थोडा विचार असायला हरकत नव्हती.

“नाटकच होतं ते,” हिंदूराव म्हणाला. “काडी मोडली, ती रडत निघून गेली, खेळ संपला. संध्याकाळी तिनेच मला जेवायला वाढलं.”

“रडताना ती काय बोलली?”

“काहीतरी बोलली. मूकपटात बोलण्याला कोण विचारतो? मी म्हटलं, ओठ हलव, झालं. शब्द मागाहून पाटीवर लिहून पडद्यावर दाखवतात.”

“पाटीवर काय लिवलंस?”

“‘मी सुखाने जाते.’”

ते वाक्य हिंदूरावाला अजून आवडत होतं. त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“उरुसात तुझ्या चित्राचा तंबू लागला, तवा मी बघाय आलतो,” बाबा म्हणाला.

“मग? कसं वाटलं चित्र?” आपण कशासाठी आलो आहोत हे हिंदूराव क्षणभर विसरलाच.

“मला वाचाय येत न्हाई.”

...

वारा पडला होता. दर्ग्यावरचं निशाण हलायचं थांबलं. शंभर माणसं पाटीवरचं वाक्य वाचत होती, तेव्हा तंबूत एकच माणूस गोजराच्या ओठांकडे बघत होता. हे ध्यानात आलं आणि हिंदूरावाच्या अंगावर काटा आला.

“काय म्हणत होती ती?”

बाबाने उत्तर दिलं. ओठ हलले, आवाज आला नाही.

“बाबा... ऐकू आलं नाही.”

बाबाने पुन्हा तसंच केलं, सावकाश. त्या पांढऱ्या दाढीत हिंदूरावाला आपल्या बायकोचे ओठ दिसले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते वाचले.

धनी, नका मोडू.

रोज सकाळी चुलीपाशी, त्याच्याकडे बघताना, गोजराचे ओठ असेच हलत होते.

“पण काडी खोटी होती,” तो कळवळून म्हणाला. “खरी काडीमोड एकदाच होते, बाबा. आम्ही काय एकदाच मोडली? कधी ऊन जायचं, कधी कॅमेऱ्याचा फिरवायचा दांडा अडायचा... सात वेळा घेतला तो प्रसंग. सात काड्या मोडल्या मी. लोकांनी पाहिली ती फक्त शेवटची.”



“मी तर तिचं ओठ एकदाच बघितलं, पोरा,” बाबा म्हणाला. “सातबी येळा तिच्या म्होरं तू हुतास.”