कार्डाची राखण

एका गावात एक भोळा गेनबा होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. गाव भीत असे ते त्याच्या याच गुणाला.

त्याची चुलत वहिनी कुमुद हिने जत्रेसाठी संगणकावर गावदेवीचा कार्टूनचा सिनेमा करायला घेतला होता. रविवारी देवळासमोर पडदा लागणार, पंचक्रोशी जमणार, आणि वहिनीने सरपंचांना शब्द देऊन ठेवलेला. त्यासाठी संगणक आठ दिवस अखंड चालायला हवा होता. त्यातलं चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड जुनं, आणि दिवस चैत्राचे. फार तापलं की संगणक आपोआप बंद पडे. कार्ड जळलं तर जत्रेला पडदा कोराच राहणार, ही वहिनीची काळजी.

संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालत असे. वहिनीने काळ्या पडद्यावर एक हुकूम टाइप केला, आणि कार्ड किती तापलंय ते सांगणारा सेन्सरचा आकडा दर दोन सेकंदांनी दिसू लागला. तिने गेनबाला समोर स्टुलावर बसवलं आणि आकड्यावरून नजर हलवू नका म्हणून सांगितलं.

गेनबाने नजर हलवली नाही. ऐंशी झाले, नव्वद झाले, सत्त्याण्णव झाले. संगणक बंद पडला. वहिनी आली तेव्हा गेनबा विझलेल्या पडद्याकडे बघत बसला होता.

"भावजी, आकडा वाढला तर मला सांगायचं नाही का?"

"नजर हलवू नका म्हणलात. मग सांगाय कसा येनार?"

वहिनीने कपाळाला हात लावला. आकडा नव्वदच्या वर गेला की धावत येऊन सांगा, असं बजावलं. गेनबाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी वहिनी देवळात जत्रा कमिटीपुढे बोलत होती. गेनबा धापा टाकत आला आणि त्याने चौदाशे झाल्याचं सांगितलं. वहिनी चपला तिथंच टाकून धावली. तिच्यामागे अर्धी कमिटी धावली. बघतात तर कार्ड एकाहत्तरावर सुखात. चौदाशे फेरे घेत होता तो कार्डाचा पंखा, आणि त्याचा आकडा खालच्या ओळीत होता.

वहिनीने राग गिळला. पंख्याचा आकडा वाढला तर चांगलंच असतं, तो वाढू द्यावा, त्यासाठी धावायचं नाही, असं समजावलं. गेनबाने मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी वहिनीच्या सासऱ्यांना, आप्पांना, ताप भरला. ती डॉक्टरांना आणायला गेली आणि थर्मामीटर गेनबाच्या हाती देऊन गेली. आप्पा पंख्याखाली निजले होते. म्हणजे हा आकडा पंख्याचा, हे गेनबाच्या लगेच ध्यानात आलं. शंभर, एकशेदोन, एकशेतीन. गेनबा खूश होता. आप्पा कण्हत होते.

परत आल्यावर मात्र वहिनीचा तोल गेला. "भावजी, तापलं की मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवायची. वाळली की दुसरी. पंखा बंद करायचा, शाल पांघरायची, आणि डोळा लागला की उठवायचं नाही. एवढं तरी लक्षात ठेवा."

गेनबाने लक्षात ठेवलं. आप्पा दोन दिवसांत बरे झाले.

शनिवारी सिनेमाचा शेवटचा प्रसंग तेवढा उरला. त्यात देवी डोळे उघडते. वहिनी पडदा बांधायला देवळात गेली. संध्याकाळी गेनबा रमतगमत आला. तो धावत नव्हता, म्हणून वहिनीच्या जिवात जीव आला. आकडा किती आहे, असं तिने विचारलं.

"ब्याण्णव झाला हुता. मग झाकण काढलं, पंखा थांबवला, पट्ट्या ठेवल्या. तिसऱ्या पट्टीला आकडाच गेला बगा. आता अंग गारेगार हाय."

वहिनीच्या हातातली पडद्याची दोरी सुटली.

"आणि देवी? देवीनं डोळे उघडले का?"

गेनबाने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला वैनी. आप्पांची शाल पांघरलीया. आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा."