न दिसलेली लाल पट्टी

नदीकाठच्या एका गावात हेरंब नावाचा वेबसाइट बनवणारा राहत होता. हात मोठा सफाईदार, पण नव्या गोष्टींचा सोस फार.

उन्हाळ्यात नदी आटली की तिथले भोई वाळूत कलिंगडाचे वेल लावत. वरच्या धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं, की मात्र वाळू सोडून पळावं लागे. म्हणून ग्रामपंचायतीने हेरंबकडून एक वेबसाइट करून घेतली. पाणी सुटणार असेल तर तिच्यावर लाल पट्टी दिसायची. पट्टी नसेल तर खुशाल वाळूत उतरावं.

हेरंबच्या ब्राउझरात, म्हणजे वेबसाइट उघडणाऱ्या ॲपमध्ये, एक नवी करामत आली होती. पट्टी सरकायची काय, लुकलुकायची काय! पण ती त्या एकाच ब्राउझरची. बाकीच्यांनी मान्य केलेली नव्हती. हेरंब भाळला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मृणालताई म्हणाल्या, "अरे, दुसऱ्या ब्राउझरांत ही पट्टी येणारच नाही. सगळीकडे चालते ती साधी पद्धत वापर."

"ताई, हल्ली सगळे हाच ब्राउझर वापरतात हो!"

"सगळे म्हणजे कोण? विचारलंस का कुणाला?"

कशाला विचारतोय! त्याने आपलंच घोडं दामटलं. स्वतःच्या फोनवर पट्टी झळकली आणि गडी खूश झाला.

चैत्रातल्या एका सकाळी तानूबाई भोईने वेबसाइट उघडून पाहिली. तिच्या फोनात दुसराच ब्राउझर होता. पट्टी दिसली नाही, म्हणून ती निर्धास्त वाळूत उतरली. वेलांत वाकलेली असतानाच लोंढा आला. काठावरच्या लोकांनी दोर टाकून तिला कसंबसं ओढून काढलं. तोडणीला आलेली कलिंगडं तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. सांगतानाही जीव तुटतो हो.

हेरंब धावत आला. ओलीचिंब तानूबाई काठावर थरथरत बसली होती. त्याने आपला फोन तिच्यापुढे धरला. "मावशी, हे बघा, सूचना होती की!"

तानूबाईने फोनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आसंल लेकरा, तुझ्या फोनात आसंल. पर नदीत मी हुते."

त्याच दिवशी हेरंबने ती करामत काढून साधी पट्टी लावली, आणि घरोघर जाऊन ज्याच्या-त्याच्या फोनवर ती उघडून पाहिली. तानूबाईचा हंगाम मात्र गेला तो गेलाच.

तात्पर्य: एकाच ब्राउझरला कळणाऱ्या करामतीवर वेबसाइट उभी करू नये, सगळ्यांनी मान्य केलेली साधी वाटच सगळ्यांपर्यंत पोचते.