तारांच्या मधला आरसा

एका गावी जुन्या नाण्यांचे एक वृद्ध पारखी राहत होते. ज्या नाण्याला ते खरे म्हणत, ते मुंबईचे लिलाववालेही पुन्हा तपासत नसत. उतारवयात त्यांना काचबिंदू झाला आणि दृष्टी हळूहळू मावळत गेली. तेव्हापासून भिंग त्यांच्या शिष्याच्या, मोरेश्वराच्या, हाती आले. मोरेश्वर तिशीतला, अभ्यासू, आणि मनाने फार कोमल होता. तो नाणे पाही व जे दिसेल ते सांगे. गुरुजी ऐकून निर्णय देत.

एके दुपारी फिलोमिना नावाची एक स्त्री त्यांच्या दुकानात आली. तिचा नवरा इनास सुतार होता. त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय नव्हता. तिने रुमालाच्या घडीतून चांदीचे एक नाणे काढले. एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला हार्प नावाचे आयर्लंडचे तंतुवाद्य.

"माझी सासू आयरिश सिस्टरांच्या दवाखान्यात दाई होती," ती म्हणाली. "एक सिस्टर मायदेशी परत जाताना तिला हे देऊन गेली. एका व्यापाऱ्यानं सांगितलं, हे प्रूफ नाणं असेल तर ऑपरेशन होऊन वर उरेल. तुम्ही लिहून द्याल तर तो उद्याच घेतो म्हणतो."

टांकसाळीत काही नाणी बाजारात चालवण्यासाठी नव्हे, तर उत्तम नमुना म्हणून काढतात. त्यासाठी ठसे आधी आरशासारखे घासले जातात आणि नाणे अधिक जोराने ठोकले जाते. त्याला प्रूफ म्हणतात. साधे नाणेही घासूनपुसून चमकवता येते. म्हणून खरी परीक्षा असते ती खोलगट जागी. खऱ्या प्रूफवरचा आरसा हार्पच्या तारांच्या मधल्या बारीक फटींतही उतरलेला असतो. घासणारा हात तिथवर पोचत नाही.

मोरेश्वराने भिंग लावले. सपाट भाग लखलखत होता, परंतु त्यावर सर्व दिशांनी गेलेले केसाएवढे ओरखडे होते. तारांच्या मधे तळ निस्तेज, राखाडी होता. निर्णय उघड होता.

"इतकं चकचकीत कसं राहिलं हे?" त्याने विचारले.

"आमचे हे दर नाताळला चिंच लावून घासतात ना. आईची आठवण म्हणून." ती किंचित हसली. मग तिने काकुळतीने विचारले, "भाऊ, खरं आहे ना हो?"

मोरेश्वराने पाहिले, ती रिकाम्या रुमालाची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

गुरुजींनी नाणे मागून घेतले, त्याच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि क्षणभर थांबले. "तारांच्या मधे काय दिसतं, मोरेश्वर?"

"आरसा आहे, गुरुजी. तळापर्यंत."

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं."

गुरुजींनी पुन्हा एकदा कडेवर नख फिरवले. मग ते म्हणाले, "बाई, नाणं आज इथं राहू दे. उद्या सकाळी या, लिहून देतो."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. बसण्याआधीच ती बोलू लागली, "तुमचे उपकार कसे फेडू? फादरांनी मुंबईच्या धर्मादाय इस्पितळात यांच्यासाठी फुकटची खाट मिळवली होती. आजच न्यायचं होतं. मी काल संध्याकाळी त्यांना कळवलं, आमची सोय झाली, आता ती खाट दुसऱ्या गरजूला द्या. डहाणूची एक पोरगी कधीची थांबली होती. तिला रात्रीच नेलंसुद्धा."

मोरेश्वराने हातातले भिंग खाली ठेवले.

गुरुजी उठले. भिंतीचा आधार घेत तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "बाई, हे नाणं प्रूफ नाही. साधं आहे, घासलेलं आहे. काल मी तुम्हाला चुकीची आशा लावली. दोष माझा आहे."

तिला प्रथम समजलेच नाही. मग ती खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "मग आता मी घरी जाऊन काय सांगू?" तिने नाणे रुमालात बांधले आणि ती निघून गेली.

गुरुजींनी दारावरची आपल्या नावाची पाटी उतरवली आणि उलटी करून कोपऱ्यात ठेवली. मोरेश्वर त्यांच्या पायांशी कोसळला.

"गुरुजी, खोटं मी बोललो. तुम्ही स्वतःवर का घेतलंत? आणि दुकान का बंद करता? मला हाकलून द्या!"

वृद्ध म्हणाले, "प्रूफची कड काटकोनात असते, नखाला टोचते. ही गोल होती. माझ्या नखानं काल दोनदा सांगितलं. मी नखाचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं; रात्री पुन्हा नख फिरवलं, तेव्हा मानावंच लागलं. कारण मलाही त्या बाईचा आवाज ऐकवत नव्हता. म्हणून दोष माझा म्हणालो, तुला वाचवण्यासाठी नव्हे. ज्याला आपल्या सोयीचं तेच ऐकू येतं, त्यानं पारख करू नये.

"आणि तुझी दया खोटी नव्हती, मोरेश्वर. पण ती तू चुकीच्या जागी ठेवलीस. काल 'नाही' म्हणाला असतास, तर ती इथंच रडली असती. तू शेजारी बसून विचारलं असतंस, बाई, दुसरा काही मार्ग आहे का? आणि मार्ग होता. खोटं सांगून तू तिला सोबत केली नाहीस. एकटीला पुढे पाठवलंस."

मोरेश्वर धावत फादरांकडे गेला. दोघांनी दारोदार खटपट केली. मुंबईला पुन्हा खाट मिळायला वेळ लागणार होता, आणि इनासपाशी तेवढा वेळ नव्हता. पावसाळा लागण्याआधीच तो गेला. दफनाच्या वेळी मोरेश्वर मागे उभा होता. माती लोटून झाल्यावर त्याने फिलोमिनेला सर्व खरे सांगितले. तिने ऐकून घेतले. "तुमचा हेतू चांगला होता," ती म्हणाली, "पण ते मला पुरत नाही." पुढे तिने त्याच्याकडे कधी पाहिले नाही, आणि त्यानेही क्षमा मागून तिला पुन्हा त्रास दिला नाही.

गुरुजींच्या पश्चात बऱ्याच वर्षांनी मोरेश्वर स्वतः पारखी झाला. लोक म्हणत, हा माणूस फार कठोर. अडलेला माणूस आशेने नाणे पुढे करी आणि हा दोन शब्दांत सांगे, "खरं नाही."

परंतु तेवढे बोलून तो भिंग बाजूला ठेवी, उठून दुकानाचे दार लोटून घेई, आणि त्या माणसाच्या शेजारी बसून विचारी, "आता सांगा, अडचण काय आहे?"

सत्य सांगून झाल्यावर जी उठून निघून जात नाही, तीच दया.