उद्याच्या सभेचं इतिवृत्त

"म्हणजे सभा होऊन गेली?"

"नाही बाबा. उद्या अकराला आहे."

"मग हे काय?"

"त्या सभेचं इतिवृत्त. आजच लिहून ठेवलंय."

दादामियाँ फकीर भोपळा चिरता चिरता थांबले. सावरझरीच्या टेकडीवरच्या मोडक्या तकियात, फकिरांच्या जुन्या मठीत, ते चाळीस वर्षं राहत होते. गुणवंतराव ठोसर नगराध्यक्ष झाले त्या दिवशी टेकडी चढून आले, पायाशी नारळ ठेवला आणि परस्पर त्यांचे शिष्य होऊन गेले. बाबांना कुणी विचारलं नव्हतं.

"सभेआधीच लिहितात?"

"सभेनंतर लिहिलं तर जे झालं तेच लिहावं लागतं," गुणवंतराव म्हणाले.

सावरझरी नगरपंचायतीची ही जुनी वहिवाट, आणि गुणवंतरावांना तिचा फार अभिमान. तिथल्या सभा इतक्या शांत चालत की सभागृहातल्या पंख्याच्या पात्यावर चिमणीनं घरटं केलं आणि तीन वेळा पिल्लं उडवली. तोवर पंख्याचं बटण दाबायलासुद्धा कुणी जागचं उठलं नव्हतं.

"वाच."

गुणवंतरावांनी उपरणं सारखं केलं आणि कागद लांब धरला.

"विषय क्रमांक चार. बसस्टँडसमोरचा भाजीबाजाराचा ओटा पाडून तेथे व्यापारी संकुल बांधणे. भाजीविक्रेत्या महिलांना गावाबाहेर जुन्या गोदामामागे जागा देणे. ठराव एकमताने मंजूर."

"एकमताने?"

"तीच तर गोम आहे बाबा. वरच्या साहेबांनी बजावलंय, एक जरी हात विरोधात गेला तर फाइल परत. मग संकुलही गेलं आणि माझं पुढच्या खेपेचं तिकीटही गेलं. म्हणून तर तुमच्या आशीर्वादाला आलो."

"गोदामामागं जातं कोण?"

"सध्या... शेळ्या."

बाबांनी एक फोड चिरली. "सतरा जण ना तुम्ही? सगळे बोलतात?"

"दोघं-तिघं बोलतात. बाकीचे बाक वाजवतात. सगळं घेतलंय यात."

"करून दाखव."

गुणवंतरावांनी तरुणपणी गणेशोत्सवातली नाटकं गाजवलेली. ते लगेच उठले. आधी निंबारते भाऊसाहेब झाले. डोळे मिटून म्हणाले, "विकास झालाच पाहिजे!" भाऊसाहेब विकास मागत ते श्रद्धांजलीच्या ठरावातसुद्धा. मग विरोधी पक्षाचे कडलगबापू झाले. मूठ आपटली, सभात्याग केला, तरातरा दारापर्यंत गेले आणि भज्यांची परात आत येताना पाहून परत जागेवर बसले.

बाबा इतके हसले की फोडी मांडीवरून घरंगळल्या.

"वा! आता पुढचं."

"'सदर ठरावास नगरसेविका सौ. सुगंधाबाई खिल्लारे यांनी अनुमोदन दिले.'"

"ही कोण?"

"त्याच ओट्यावर भाजी विकते. मुद्दाम तिचंच नाव घातलंय, म्हणजे बाकीच्या बायकांची तोंडं बंद. तीन वर्षांत सभेत एक शब्द बोललेली नाही. कागद पुढं केला की सही करते."

"मुकी आहे?"

"छे हो! ओट्यावरून 'कोवळी मेथी' म्हणून हाक घातली तर पुढच्या तालुक्यातली एसटी थांबते."

"मग तिलाही करून दाखव. अनुमोदन देताना."

गुणवंतरावांना हुरूप आला. त्यांनी उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं, मान खाली घातली.

"अध्यक्षमहाराज," ते बारीक आवाजात म्हणाले, "मी सुगंधा खिल्लारे..."

"हं."

"मी या ठरावाला..."

अडले. घसा खाकरला.

"तिचा सभेतला आवाज ऐकलेलाच नाही ना बाबा. पहिल्या सभेत उठली होती, हातात कसलासा कागद घेऊन. मी म्हटलं, बसा बाई, शेवटी ऐनवेळच्या विषयांत घेऊ."

"मग घेतलं?"

"तिथवर जाईतो सभा संपते."

"दर खेपेला?"

गुणवंतराव हातातल्या कागदाची घडी सारखी करू लागले.

"कागदात काय होतं?"

"कुणी बघितलंय..."

"बरं. पुन्हा कर. घाई नाही."

गुणवंतराव पुन्हा उभे राहिले. ऊन तकियाच्या उंबऱ्यावर आलं होतं. खाली ओट्यावर मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या बायका मुंगीएवढ्या दिसत होत्या.

"अध्यक्षमहाराज... मी सुगंधा खिल्लारे. आम्ही अठ्ठावीस जणी... आमचा ओटा..."

थांबले.

अनुमोदन हा शब्द त्यांनी जन्मात हजारदा उच्चारला असेल. आज तो त्या उपरण्याखालून काही बाहेर येईना.

बाबा वाट बघत होते. नगराध्यक्षाकडं बघावं तसं नव्हे. बोलायला उठलेल्या बाईकडं बघावं तसं, अदबीनं.

बसस्टँडवर एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

गुणवंतराव उभेच...

बऱ्याच वेळानं त्यांनी डोक्यावरचं उपरणं काढलं आणि खाली बसले. खिशातून पेन काढलं. चौथ्या विषयावर धरलं. पेन तसंच राहिलं.

"ती काही बोललीच नाही, बाबा."

"मला ऐकू आलं," बाबा म्हणाले. "तू लिहून घे."