सोरखाचा डेरा आणि उंबऱ्याबाहेरचा माणूस

कुणी म्हणून तिचं ऐकलं नाही. एकानंही नाही! ती घसा फोडून सांगत होती, "लोणी चांगलं आहे, पिंपात खोट आहे." आणि अख्खा गाव म्हणत होता, "हिचीच नजर वाईट." बाईला खरं बोलायला दहादा तोंड शिणवावं लागतं, पुरुषाचं खोटं एका दमात खपतं. तेव्हाही तेच.

तर ऐका. फार फार वर्षांमागं, पार समुद्रापल्याड आयर्लंड नावाच्या बेटावर कुलनाबो हे गाव होतं. तिथं पाऊस कधी आला असं कुणी विचारत नाही, थांबला कधी ते विचारतात. म्हणून गवत गुडघाभर आणि गाई तुकतुकीत. पण एवढं दूध न्यायचं कुठं? मग बायका लोणी काढायच्या, मीठ मळायच्या, पिंपात दाबून भरायच्या. पिंपं तट्टांवर लादून बंदरात जायची आणि तिथनं गलबतांनी थेट उन्हाच्या देशांना. त्या लोण्यापायीच गावाला रस्ता आला. तट्टांच्या टापांनीच डोंगर खोदला, असं म्हणतात.

सोरखा त्या गावची विधवा. डोळे घारे, जीभ तिखट. तिनं डेऱ्याला हात लावला की लोणी धावत वर यायचं, असं म्हणतात. गावाची निम्मी पिंपं तीच भरायची.

आणि एका साली पिंपं परत आली. झाकण उघडलं तर असा दर्प, की तट्टांनी तोंड फिरवलं. बंदरातल्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला, "अशी आणखी एक खेप आली, तर कुलनाबोला बंदर बंद." बंदर बंद म्हणजे रस्त्यावर गवत उगवणार आणि तरणी पोरं जहाजात बसून परमुलखात जाणार. गाव घाबरला. घाबरलेला गाव आधी बाईचे डोळे बघतो.

"पिंपं बघा," सोरखा म्हणाली. लोकांनी बघितली. पिंपं करायचा मेलाकी. गोडबोल्या, ज्याच्या त्याच्या लग्नात नाचणारा. नावातच मेला! त्याला गावानं ओकचं लाकूड दिलं होतं. ओक म्हणजे तिकडचं सागवानच म्हणा. पिंपं काळीभोर होती, आत नाक घातलं तर नुसता मिठाचा वास. "काय गं वहिनी," मेलाकी हसून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं!" सगळे हसले.

शेवटी मे महिन्याच्या पहिल्या दिवशी गाव तिच्या दारात आला. डेरा फोडायचा आणि हिला वेशीबाहेर घालवायची, असं ठरवूनच.

सोरखा म्हणाली, "फोडा. पण एकदा घुसळू द्या. रीतीनं."

आता रीत काय, तर लोणी घुसळताना जो घरात येईल त्यानं डेऱ्याच्या दांड्याला हात लावून दोन घुसळे द्यायचेच. न देता गेला तर घरची बरकत घेऊन जातो. आणि मनात काळं असलेल्यानं हात लावला, तर हात दांड्याला चिकटतो, तो सुटत नाही. रीत मोडायची कुणाची छाती? डेरा फोडायला आलेले एकेक करून घुसळायला लागले. ऊन कलायला आलं तरी लोणी काही येईना. नुसता फेस.

"बघा चेटकीण!" कुणीतरी ओरडलं.

कोपऱ्यात नेसा नावाची आंधळी म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "सगळ्यांचे हात लागले का? मला मेलाकीचं हसू दारातनं ऐकू येतंय."

सगळ्यांनी वळून बघितलं. मेलाकी उंबऱ्याबाहेर उभा. आणि सोरखाला एकदम आठवलं, हा पिंपंसुद्धा बाहेरूनच आत लोटतो. घुसळण चालू असताना याचा पाय घरात पडलेला नाही.

"ये की रे मेलाकी," ती म्हणाली. "दोन घुसळे दे."

"दिले असते गं वहिनी, पण हाताला राळ लागलीय. तुझं लोणी नासायचं."

सोरखा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राळ? ओकच्या लाकडाला राळ कधीपासनं सुटायला लागली रे मेल्या?"

 राळ सुटते ती पाइनच्या ओल्या लाकडाला. लोक धावत त्याच्या छपरीत गेले. गावाचा ओक त्यानं जहाजं बांधणाऱ्यांना विकला होता. पिंपं पाइनची, बाहेरून दलदलीच्या चिखलानं काळी केलेली, आतून मिठाच्या पाण्यानं धुतलेली. उन्हाच्या देशात राळ वितळायची आणि लोण्यात उतरायची.

मेलाकी दलदलीकडं पळाला तो परत दिसला नाही. आणि त्याच घडीला डेऱ्यात ढप्प आवाज झाला. डेरा भरला, घंगाळं भरली, गाईंची गव्हाणसुद्धा लोण्यानं भरली, असं म्हणतात. नव्या ओकच्या पिंपांतनं ते लोणी जगभर गेलं. त्यातलं एक पिंप थंडाव्याला दलदलीत पुरलेलं तसंच राहिलं, ते नातवंडांच्या नातवंडांनी उकरलं, तर आत मे महिन्याच्या गवताचा वास!

आता कुलनाबोत चकचकीत डेअरी आहे, ट्रक येतात-जातात. पण दारात सोरखाचा दांडा उभा आहे. साहेब असो नाहीतर टपालवाला, लांबच्या देशाचा टायवाला खरेदीदार असो, दोन घुसळे दिल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि कधी दूध फाटलं, यंत्र अडलं, तर तिथं कुणी बाईच्या डोळ्यांत बघत नाही. आधी उंबऱ्याबाहेर कोण उभं आहे ते बघतात. तिथं कुणीच नसलं, तर दलदलीकडं तोंड करून थुंकतात आणि म्हणतात, मेलाकी!