खारीच्या चाळीस रांगोळ्या

आटपाट कॉम्प्युटर होता. त्यात कोड लिहायच्या खिडकीमागे एक खार राहायची. खोटं वाटत असेल तर उघडून बघा! प्रोग्रामर वैदेही टाइप करायची आणि तिच्या चुका दाखवायचं काम या खारीचं. पण खार भारी प्रामाणिक. एक अक्षर बदललं, तरी कोडच्या सुरुवातीला जोडलेल्या चाळीस फायली ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायची आणि मगच बोलायची. तोवर वैदेही दहा ओळी पुढे गेलेली असायची.

"जेवून आले की हिला बंदच करते," वैदेही एकदा वैतागून म्हणाली. खारीने शेपटीत तोंड खुपसलं.

कर्सरमध्ये लुकलुकणाऱ्या काजव्याला तिची दया आली. "खारूताई, त्या फायलींना सकाळपासून कोणी हात तरी लावलाय का?"

"मला काय ठाऊक? आणि न वाचता बोलू? जीभ झडेल माझी!"

"अगं, वाचून झालं की फायलीच्या उंबऱ्यावर रांगोळी घाल. फिसकटली, तर कोणीतरी आत गेलंय. नाहीतर वाचलेलं आठव आणि बोल."

वैदेही परतली तेव्हा चाळीस रांगोळ्या घालून झाल्या होत्या. तिने एक अक्षर दाबलं आणि बोट उचलायच्या आत चूक समोर हजर! खारीला बंद करायचं ती विसरूनच गेली.

संध्याकाळी सतराव्या उंबऱ्यावरची रांगोळी जराशी फिसकटलेली दिसली.

"राहू दे गं, एवढ्याशाने काय होतंय?" काजवा म्हणाला.

"वैदेही आता माझ्या शब्दावर पुढची ओळ लिहिते रे," खार म्हणाली आणि ती एकच फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला बसली.