चिकटवलेलं पान

आमदार दाजीसाहेब म्हणजे एकदम डेंजर माणूस. रेवतीताईंनी आपल्या दिवाळी अंकात त्यांचं खिडकीचित्र काढलं. पानात कापलेल्या खिडकीतून साहेब डोळे मिटून ध्यानाला बसल्यासारखे दिसायचे, आणि पान उलटलं की विधानसभेत बाकावर चक्क घोरताना!

साहेब तरातरा छापखान्यात आले. "चिकटवून टाका ते पान! नाहीतर एकही अंक बाहेर जाऊ देणार नाही."

वर्षाची मेहनत पाण्यात जाणार म्हणून सगळ्यांचे चेहरे पडले. ताई मात्र गालात हसल्या. "चिकटवते की, साहेब. तुमचा शब्द मोडेन का?"

त्यांनी पान असं घट्ट चिकटवलं की सोलायला गेलं तर फाटायचं. वर छापलं, 'आमदारसाहेबांच्या हुकमावरून बंद.'

मग काय विचारता! अंक दोन दिवसांत खलास. कोणी म्हणे, आत साहेब लाच खातायत. कोणी म्हणे, सासूचे पाय चेपतायत.

तिसऱ्या दिवशी साहेब धापा टाकत हजर. "अहो ताई, सांगा ना लोकांना, मी नुसता झोपलो होतो!"

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" ताई म्हणाल्या. "तुम्हीच लिहून सही करा. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर छापते."

साहेबांनी मुकाट पेन काढलं.